बाळकुमच्या जेट्टीवर, पाच वाजता

"तुम्ही मुलीकडच्या की मुलाकडच्या?"

विचारणारा माझ्या शेजारीच उभा होता. हातात जिलबीची वाटी, अंगात निळा कुडता, केसांत अक्षतांचे दोन-तीन दाणे अडकलेले, आणि ओठांवर दाबून धरलेलं हसू.

"मुलीकडची," मी ठामपणे म्हणाले.

"अरे वा, मी पण मुलीकडचा. मुलीचा आतेभाऊ. पण तुम्हाला कधी पाहिलं नाही."

"मी क्लिनिकमधली... म्हणजे, मुलीच्या बहिणीच्या क्लिनिकमधली."

"मुलीला बहीण नाहीये."

मठ्ठ्याचा ग्लास माझ्या हातात तसाच राहिला. मी स्टेजकडे पाहिलं. थोड्या वेळापूर्वी त्याच स्टेजवर जाऊन मी नवरा-नवरीच्या मधोमध उभं राहून फोटो काढून घेतला होता. 'विनिता कुठे दिसत नाही?' असं नवरीला विचारलंही होतं. ती बिचारी घामाने भिजलेली, म्हणाली होती, 'येईल गं, तू जेवून घे.'

"विनिताच्या बहिणीचं लग्न..." माझा आवाज आता बराच खाली आला होता.

"ते वरच्या मजल्यावर. ही श्रिया. माझी मामेबहीण."

"पण रिक्षावाल्याने बरोबर याच हॉलला सोडलं."

"रिक्षावाले मजल्यापर्यंत सोडत नाहीत हो."

मला ठाण्याला येऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. तासगावहून आलेली मी, ठाण्याच्या एका डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये चष्म्याचे नंबर काढायची नोकरी, आणि बाळकुमला एका खोलीत बिऱ्हाड. रस्ता चुकणं हे तेव्हा माझं रोजचंच होतं. पण लग्न चुकणं... हे नवीन होतं.

"तुम्ही आहेर दिलात?" त्याने हळूच विचारलं.

"घड्याळ. भिंतीवरचं. जांभळा कागद, त्यावर मोर."

तो गेला. स्टेजमागच्या ढिगाऱ्यात बसकण मारून त्याने खोकी उलथीपालथी केली, आणि मान वर करून ओरडला, "इथे चार मोर आहेत!" सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. मला पोटात घ्यायला धरणीला सवड नव्हती.

शेवटी घड्याळ मिळालं. ते घेऊन तो माझ्याबरोबर वरच्या मजल्यापर्यंत आला, आणि मी 'थँक्यू' म्हणून वळणार तोच पंगतीत जाऊन बसला.

"अहो, हे काय?"

"तुम्ही आमच्याकडे जेवलात. आता मी तुमच्याकडे जेवतो. हिशोब फिट्टंफाट." आणि मग जिलबी वाढणाऱ्याला, "मी मुलीकडचा बरं का!"

त्याचं नाव मुकुल. लहानपणापासून नौपाड्यात वाढलेला. उंच इमारतींमधल्या लिफ्ट तपासण्याचं काम करायचा. हे सगळं त्याने दुसरी जिलबी खाताना सांगितलं. माझं क्लिनिक कुठे आहे तेही मी सांगून टाकलं. का सांगितलं... कुणास ठाऊक.

चौथ्या दिवशी तो डोळे तपासायला हजर.

अंधाऱ्या खोलीत त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, बॅटरी घेऊन बसले.

"वर बघा. खाली बघा. आता माझ्या उजव्या कानाकडे बघा."

"कानाकडेच का?"

"तपासणीचा नियम आहे."

"कानातलं छान आहे."

"बोलू नका, बुबुळ हलतं."

नंबर शून्य निघाला. डोळे काचेसारखे स्वच्छ. मी तसं सांगितलं तर त्याचा चेहरा पडला.

"मग परत कधी यायचं?"

"वर्षाने."

"वर्षाने..." तो विचारात पडला. "मला वाटतं, मला गुरुवारी कमी दिसायला लागेल."

गुरुवारी तो क्लिनिकच्या खाली उभा होता. तिथून तलावपाळी. मग उपवन. मग कचराळी तलावाच्या फेऱ्या, राममारुती रोडवरची वडा-उसळ, गडकरी रंगायतनसमोरची कॉफी. तो जसं दाखवेल तसं ठाणं मला कळत गेलं. त्याच्याशिवाय मी एकटी निघाले की हमखास उलट्या दिशेला पोचायचे, आणि मग तिथून त्याला फोन. "तुला समोर काय दिसतंय ते सांग," तो म्हणायचा. "तू चुकली नाहीयेस, तू फक्त लांब गेलीयेस."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते लक्षातही राहिलं नाही. चार महिने गेले. तो काही म्हणाला नाही. मीही काही म्हणाले नाही. रस्ता ओलांडताना तो माझं मनगट धरायचा, आणि पलीकडे पोचलं की सोडून द्यायचा. दर वेळी. आता ह्याचा अर्थ काय काढायचा? गाड्या होत्या म्हणून धरलं... की सोडायचं म्हणून सोडलं?

आणि मग जानेवारीच्या एका सोमवारी आमच्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "योगिनी, सांगलीला आपली नवी शाखा निघतेय. तुझं गाव जवळच आहे ना? तिथली तपासणीची जबाबदारी तुझ्याकडे द्यायची म्हणतोय. पुढच्या सोमवारपर्यंत सांग."

घरी फोन केला तर आईला रडूच आलं. अप्पा म्हणाले, "त्यात विचार कसला करायचा? ये की घरी!"

खरंच, विचार कसला करायचा? चार महिन्यांपूर्वी ही बातमी आली असती तर मी नाचले असते. आता मात्र मी 'कळवते' म्हणून फोन ठेवला. मुकुलला सांगावं? काय म्हणून सांगावं? तो 'अभिनंदन' म्हणाला तर? आणि तो खरोखर आनंदाने म्हणाला तर?

त्या रात्री मी ठरवलं. शनिवारची एक संध्याकाळ. मी ठरवलेली, मी नेलेली, त्याला आधी काहीही न सांगता. तिथे मी आधी सांगलीचं सांगणार, आणि मग विचारणार. सरळ.

फक्त एक अडचण होती. त्याला न्यायचं कुठे? मला जे ठाणं माहीत होतं ते सगळं त्यानेच दाखवलेलं. ज्याचं घर, त्यालाच पाहुणा म्हणून बोलवायचं, आणि मला त्या घरात दिव्याचं बटणसुद्धा सापडत नव्हतं.

क्लिनिकमध्ये विनिताला विचारलं. "घोडबंदर रोडवर एक गच्चीवरचं हॉटेल आहे," ती म्हणाली. "मेणबत्त्या, गिटार, सगळं." मंगळवारी काम आटोपून मी बघायला गेले तर गच्चीवर कुणाच्या तरी हळदीचा कार्यक्रम. मी दारातच थबकले. परत चुकीच्या समारंभात जेवायची माझी तयारी नव्हती.

"मग त्याला काय आवडतं ते तरी सांग," विनिता दुसऱ्या दिवशी म्हणाली.

त्याला काय आवडतं... मला एकच गोष्ट आठवली. तो सात वर्षांचा होईपर्यंत ते मोहन्याला राहायचे, त्याचे बाबा तिथल्या कारखान्यात होते. शेजारी मीराबाई नावाच्या बाई होत्या. त्यांच्या ओल्या नारळाच्या करंज्यांचं नाव काढलं की मुकुल बोलताना मध्येच थांबायचा.

"मीराबाई?" विनिता ओरडलीच. ती मोहन्याचीच. "अगं, त्या अजून करतात! ऑर्डर घेतात. मी सांगून ठेवते, शनिवारी बारा वाजता येऊन घेऊन जा."

करंज्या ठरल्या. जागा मात्र ठरेना. शेवटी माझ्या घरमालकीण गोदाकाकी माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय गो पोरी, दोन दिस जेवत नाय. काय झालं?"

मी सगळं सांगून टाकलं. त्या जुन्या बाळकुमच्या. टॉवर उभे राहायच्या आधी जिथे शेतं होती, तिथल्या. नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याना खाडी बगलीय का कदी?"

"तो तर इथलाच आहे, काकी."

"इथले लोकांना खाडी ठाव नाय. पुलावशी जातान नि नाकाला रुमाल लावतान. माजे दिराची होरी हाय. धोंडीबा नेल तुमाना. सूर्य बुडताना खाडीन कसं दिसतं ते बग एकदा."

होडी! मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली. धोंडीबाकाकांनी एकच अट घातली. पाचला म्हणजे पाचला. नंतर ओहोटीचं पाणी उतरतं.

आता मुकुलला बोलवायचं. फोन लावला आणि लक्षात आलं, की कारण काय सांगायचं ते ठरवलेलंच नाही.

"शनिवारी पाच वाजता बाळकुमच्या जेट्टीवर येशील?"

"जेट्टीवर? का गं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. पलीकडे गोदाकाकी फोनवर त्यांच्या भाचीच्या, रतनच्या, लग्नाचं बोलत होत्या.

"ते... एक मुलगा बघायचाय," मी बोलून गेले. "स्थळ आलंय. तुझं मत हवं होतं."



"मी कशाला?"

"तू माणसं चांगली ओळखतोस."

"बरं. येतो."

आणि फोन बंद. रोज 'ठेवतेस की मी ठेवू' करत दहा मिनिटं घालवणारा माणूस, फोन बंद!

त्यानंतरचे तीन दिवस मला काही कळेनासंच झालं. मी मेसेज केला, 'जेवलास?' उत्तर, 'हो.' मी विचारलं, 'गुरुवारी भेटायचं?' उत्तर, 'काम आहे.' शुक्रवारी मी रस्ता चुकले नव्हते तरी फोन केला आणि म्हणाले, "चुकलेय." तो म्हणाला, "मॅप लाव ना."

मॅप लाव!

त्या संध्याकाळी मी सांगलीला होकार कळवायचा मेल लिहून काढला. पाठवला नाही. पण पुसलाही नाही.

शनिवारी बाराच्या सुमारास कल्याणला उतरले. विनिताने बजावून सांगितलं होतं, पश्चिमेला उतर, तिथे मोहन्याच्या शेअर रिक्षा लागतात. मी मनात 'पश्चिम, पश्चिम' म्हणत पुलावरून उतरले, समोर शेअर रिक्षांची रांग, एकीत बसले, आणि वीस मिनिटांनी ड्रायव्हर म्हणाला, "चला, विठ्ठलवाडी."

"मला मोहने हवंय."

"मॅडम, मोहने वेस्टला. तुम्ही ईस्टला बसल्या ना!"

परत मागे. परत पूल. करंज्यांचा डबा हातात पडला तेव्हा अडीच वाजले होते. मीराबाईंनी बसवून चहा पाजला, आणि मुकुल सहा वर्षांचा असताना त्यांच्या कोंबडीच्या मागे लागून गटारात कसा पडला होता ते सांगितलं. निघताना डबा फडक्यात बांधून देत म्हणाल्या, "त्याला सांग, मी विचारलंय म्हणून."

भिवंडीच्या रस्त्याने बस निघाली ती गोगलगायीच्या चालीने. कशेळीच्या पुलाआधी मेट्रोच्या खांबांपाशी अडकली ती अडकलीच. सव्वापाच. साडेपाच. खाली खाडी दिसत होती, पाणी कडेकडेने मागे सरायला लागलेलं. मुकुलला फोन करावा तर काय सांगू? मुलगा अजून आला नाही म्हणून?

मी जेट्टीवर धावत पोचले तेव्हा पावणेसहा झाले होते. धोंडीबाकाका होडीत बसून माझ्याकडे रागाने बघत होते. आणि कठड्यावर मुकुल बसला होता. इस्त्रीचा शर्ट, बंद बूट, चेहरा एखाद्या मुलाखतीला आल्यासारखा. पण एकटा नव्हता. त्याच्या शेजारी पांढऱ्या शर्टातला, चष्मेवाला, नीट भांग पाडलेला एक अनोळखी माणूस होता. दोघांची माझ्याकडे पाठ होती.

मी हाक मारणार, तेवढ्यात मुकुलचं बोलणं कानावर आलं.

"...चहात आलं लागतं तिला. नसलं तर पिते, पण अर्धा कप ठेवते. तुमच्या लक्षात यायचं नाही, म्हणून सांगतोय."

"बरं," तो माणूस म्हणाला.

"आणि रस्ता चुकते. कायम. तेव्हा ओरडायचं नाही. समोर काय दिसतंय ते विचारायचं आणि आपण जायचं. ती स्वतःहून 'ये' म्हणणार नाही."

"बरं... पण..."

"रागावली की भांडत नाही, गप्प बसते. ते जास्त वाईट. तेव्हा फोन करत राहायचा. पाचव्यांदा उचलते." मुकुल थांबला. बुटाने दगड उगाच पुढे-मागे करत राहिला. "मी गेले तीन दिवस नाही केला. मला... जमलं नाही. पण तुम्ही करा. आणि तिचं काम तिला फार आवडतं. म्हातारी माणसं आली ना, की ती त्यांना तक्ता वाचायला घाई करत नाही. लग्नानंतर ते सोडायला लावू नका. तेवढं मला वचन द्या."

"अहो, देतो, पण कोणाला?" तो माणूस आता पुरता गोंधळला होता. "मी प्रशांत. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आलोय, खाडीच्या पाण्याचे नमुने घ्यायला. माझी गाडी यायचीय." आणि त्याने पायाजवळच्या बाटल्यांची पेटी दाखवली. "आणि साहेब, माझं लग्न झालंय. दोन मुली आहेत मला."

मुकुल ताडकन उठला. वळला. आणि मी तिथे उभी होते, फडक्यात बांधलेला डबा छातीशी धरून. पळत आल्याने धाप लागली होती, की कशाने, कुणास ठाऊक.

"तू कधी आलीस?"

"आल्याच्या चहापासून."

त्याचे कान लाल झाले. मी त्याचे कान असे लाल झालेले पहिल्यांदाच पाहत होते.

"मग तो... बघायचा मुलगा कुठेय?"

"नाहीये. म्हणजे, आहे." माझी पाठ केलेली सगळी वाक्यं खाडीत गेली होती. "ते रतनसाठी... नाही, रतनसाठीसुद्धा नाही. मी खोटं सांगितलं. मला तुला सरप्राईझ द्यायचं होतं. डेटवर न्यायचं होतं."

"डेटवर," तो सावकाश म्हणाला. जणू नवीनच शब्द ऐकत होता. "स्थळ बघायला बोलवून?"

"मला दुसरं काही सुचलं नाही!"

"योगिनी, मी तीन दिवस झोपलो नाहीये."

"आणि मी? मॅप लाव म्हणालास तू मला!"

"ओ लैला-मजनू," खालून धोंडीबाकाका ओरडले, "पानी उतरतंय. यायचं तं या, नाय तं मी चाललो घरा."

प्रशांतने पेटी उचलून आम्हाला वाट करून दिली. "ऑल द बेस्ट," तो म्हणाला. नक्की कोणाला म्हणाला ते त्यालाही माहीत नसावं.

होडीच्या काठाशी आल्यावर मुकुल थांबला.

"काय झालं?"

"तिसाव्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात एका दोरावर उतरतो मी," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "पण पाणी... मी कधीच होडीत बसलो नाहीये. तलावपाळीवर पण नाही. तू चारदा म्हणालीस, मी चारदा भेळ खायला नेलं."

मला हसू आवरेना. मी आधी उतरले आणि हात पुढे केला. त्याने तो धरला. मनगट नाही, हात. आणि डोळे मिटून पाय टाकला.

पाच मिनिटं तो पुतळ्यासारखा बसला. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. सूर्य पार खाली टेकला होता आणि पाण्यावर तांबूस पट्टा पसरलेला. तिवरांवर बगळे येऊन बसत होते, एक जागा मिळाली की दुसऱ्याला उठवत होते. आणि मागे बाळकुमचे टॉवर, एकेक खिडकी उजळत चाललेले.

"अरे!" मुकुल एकदम म्हणाला. "तो बघ, डावीकडचा. त्याची लिफ्ट अकराव्या मजल्यावर उगाचच थांबते. आणि त्या पलीकडच्याची मी परवाच... योगिनी, हे असं दिसतं? मी बावीस वर्षं इथे राहतोय!"

"काका, अजून थोडं पुढे?" मी विचारलं.

"पानी कमी होतंय गो."

"दहाच मिनिटं..."

काका कुरकुरत पुढे गेले. दहा मिनिटांनी होडी वळवली, आणि सर्र... असा आवाज होऊन ती जागच्या जागी बसली. काकांनी बांबू रोवून पाहिला, जोर लावला. खाली नुसता चिखल.

"घ्या," ते शांतपणे म्हणाले. "आता भरती लागल्याबिगर ही हलायची नाय. दीड-दोन तास बसा."

आणि त्यांनी टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ केली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि जाहीर केलं, "मना काय ऐकू येत नाय."

मी डबा उघडला. मुकुलने एक करंजी उचलली, चावली आणि थांबला. माझ्याकडे पाहिलं. परत करंजीकडे. त्याने ती अख्खी संपवली, आणि दुसरी हातात घेऊन विचारलं, "मोहन्याला गेलेलीस? एकटी?"

"विठ्ठलवाडीमार्गे."

तो हसला. खूप वेळ हसला. मग डोळे पुसले. ते हसून आले होते की कसे, मी विचारलं नाही.

"मला तुला एक सांगायचंय," मी म्हणाले. आणि सांगलीचं सगळं सांगितलं. नवी शाखा, आई, अप्पा, सोमवार.

अंधार पडत आला होता. त्याचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"जा," तो म्हणाला.

इतकंच. जा!

मला वाटलं, होडीतून चिखलात उतरावं आणि चालत तासगावला जावं. आताच तर हा माणूस जेट्टीवर एका परक्याकडून माझ्यासाठी वचन मागत होता. आणि आता म्हणतोय, जा?

"बरं," मी म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं. ते लागेना. तिरकं बसलं. मी ते परत काढून परत लावलं.

"गप्प बसू नकोस गं."

"मग काय करू? तूच सांगितलंस जा म्हणून."

"माझ्या आईने बाबांसाठी पुण्यातली नोकरी सोडली होती. शिकवायची. इथे आली आणि परत कधी नाहीच जमलं तिला. ती काही बोलत नाही. पण शाळेची घंटा ऐकली की अजून गॅलरीत येऊन उभी राहते. मला नाही व्हायचं कुणाचं कारण. तू माझ्यासाठी थांबलीस आणि दहा वर्षांनी..."

"मुकुल," मी म्हणाले. "मी तुला विचारलं का, थांबू की जाऊ?"

"...नाही."

"ते मी ठरवेन. माझं डोकं आहे त्याला. मी तुला वेगळंच विचारायला आणलंय इतक्या लांब."

"काय?"

आता इतकं सगळं झाल्यावर ते तीन शब्द जिभेवर यायला काय हरकत होती? पण नाही.

"मी तुला... म्हणजे, तुला मी..."

"ते तर मी त्या नमुनेवाल्याला सगळं सांगितलंय," तो हळूच म्हणाला.

"त्याला सांगितलंस. मला नाही."

पाणी कुठेतरी चुबुक चुबुक वाजत होतं. धोंडीबाकाका मुद्दाम खोकले.

"आवडतेस," मुकुल म्हणाला. "त्या चार मोरांपासून. रस्ता ओलांडल्यावर हात सोडायचो ना, दर वेळी वाटायचं, नको सोडायला. मग वाटायचं, तुला काय वाटेल... सांगलीला गेलीस तर मी दर पंधरा दिवसांनी येईन. इथे राहिलीस तर रोज. तू काय ठरवशील ते ठरव. पण मी आहे."

मी खूप वेळ काही बोलले नाही. या वेळी ते रागाने नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं असावं, कारण तो काही विचारत नव्हता.

"मी सोमवारी 'नाही' म्हणून कळवणार आहे," मी शेवटी म्हणाले. "आणि ते तुझ्यासाठी नाही. आज विठ्ठलवाडीला उतरले ना, तेव्हा मी रडले नाही. तुला फोन पण नाही केला. मागे वळले, विचारत विचारत गेले, पोचले. चार महिन्यांपूर्वी मी तिथेच बसून आईला फोन लावला असता. मला अजून इथे राहायचंय. माझी म्हातारी माणसं आहेत इथे, तक्ता वाचणारी... बरं, थोडंसं तुझ्यासाठी पण."

"थोडंसं म्हणजे किती?"

"करंजीएवढं."

"मोठी होती करंजी," तो म्हणाला, आणि माझा हात हातात घेतला. नेमक्या त्याच क्षणी खालून होडी हलकेच उचलली गेली. मुकुल दचकला, माझा हात त्याने असा काही आवळला की मी ओरडलेच.

"आली भरती," धोंडीबाकाका उठत म्हणाले. ज्यांना काही ऐकू येत नव्हतं, ते स्वतःशीच हसत होते.

जेट्टीच्या पायऱ्यांशी पाणी अजून पुरेसं चढलं नव्हतं, म्हणून शेवटची दहा पावलं चिखलातून चालत यावं लागलं. मी चपला हातात घेतल्या. मुकुलच्या चकचकीत बुटांचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. वर आलो तेव्हा आठ वाजत आले होते, आणि दोघांचेही पाय पोटरीपर्यंत काळे.

"आता?" तो म्हणाला. "डेटवर आणलंयस ना मला? जेवायला कुठे?"

"पुढचं मी ठरवलंच नव्हतं."

"या अवतारात आपल्याला कुठलंच हॉटेल आत घेणार नाही." त्याने जरा विचार केला. "एक जागा आहे. पण तुला चालेल का..."

ती जागा म्हणजे नौपाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरचं त्याचं घर होतं. हे त्याने मला रिक्षा थांबल्यावर सांगितलं. मी उतरायला तयार नव्हते. पहिल्यांदा कोणी असं जातं का? चिखलाच्या पायांनी?

दार त्याच्या आईने, उत्तराकाकूंनी उघडलं. चष्मा नाकावर ओढून त्यांनी आधी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, मग पायांकडे, मग परत माझ्या चेहऱ्याकडे.

"योगिनी ना?"

"आई, तू हिला कसं..."

"चार महिने फोनवर तुझ्या तोंडी एकच नाव, आणि आता तीन दिवस तू पानावरून अर्धवट उठतोयस. कोणामुळे, ते मला कळत नसेल का?" त्या बाजूला झाल्या. "आत ये गं. उजवीकडे न्हाणीघर आहे. आधी पाय धुवा दोघांनी, फरशीवर एक ठसा उमटला तर बघा."

मुकुलचे बाबा सुधीरकाका पेपर बाजूला ठेवून उठले, मीराबाईंचा डबा बघून पुन्हा खालीच बसले आणि झाकण उघडून त्या वासावर नुसते मान डोलवत राहिले.

पानं मांडली. आमटीत गूळ होता. मी एक भुरका घेतला.

"आमची आमटी गोड असते हो," काकू म्हणाल्या. "तुम्हा देशावरच्यांना तिखट लागतं. चालतेय ना?"

"छान आहे," मी म्हणाले.

"आई, ती खोटं बोलतेय," मुकुल ताटातून वर न बघता म्हणाला. "तिला अजिबात चालत नाहीये."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि त्या हसल्या.

"मुकुल, ऊठ," त्या म्हणाल्या. "वरच्या फळीवरचा तिखटाचा मोठा डबा काढून खाली ठेव. आता लागेलच तो."